आहेर आणू नये. आणायचाच झाला तर…

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर दोन पिढ्यांनी ऊस काढला. रस्त्याकडेच्या रानाला एमआयडीसीमुळे भाव आला. थोरला हिंजवडीत, धाकटा परदेशात. बारामती-इंदापूर पट्ट्यात असे तात्या, नाना, आबा गावोगाव भेटतील. त्यांची साठी-पासष्टी आली की पाहुण्यांची पंचाईत होते. घड्याळ द्यावं तर मनगटावर मुलानं पाठवलेलं, नाडी मोजणारं घड्याळ. शर्टपीस द्यावा तर कपाटात न शिवलेल्या शर्टपीसांची थप्पी. शालींचं तर विचारूच नका. सत्काराची शाल एका खांद्यावरून उतरते ती थेट पुढच्या सत्कारमूर्तीच्या खांद्यावर चढते. आणि तात्यांना विचारावं तर उत्तर ठरलेलं: "कशाला काय आणताय? हाय की समदं!"

म्हणून ही थोडी शोधाशोध. खर्चाची फिकीर करू नका, निम्म्या गोष्टी फुकट आहेत.

ओठाला ओठ न लावता

सगळं असलेल्याला काय द्यायचं, हा प्रश्न बारामतीत अडीचशे वर्षांपूर्वी एकानं सोडवला होता. मोरोपंत पराडकर जन्मले पन्हाळ्याला, १७२९ साली. पण आयुष्य गेलं बारामतीत, कऱ्हेकाठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला. त्यांना द्यायचं होतं प्रभू रामचंद्राला. आता रामाला काय कमी? पंतांनी त्याला त्याचीच गोष्ट दिली, आणि दर वेळी नव्या करामतीनं. त्यांनी १०८ रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं एक 'निरोष्ठ रामायण'. त्यात ओठाला ओठ लागेल असं अक्षर घ्यायचंच नाही. प, फ, ब, भ, म हद्दपार. म्हणजे रामायण सांगायचं आणि 'राम' म्हणायचं नाही!

हा खेळ घरात करून बघा. नातवंडांना बसवा आणि आजोबांसाठी चार निरोष्ठ ओळी लिहायला सांगा. पहिल्याच झटक्यात 'शुभेच्छा' जाते. 'बारामती' जाते, 'इंदापूर'ही जातं. बाबा, अप्पा, मामा सगळे बाद. तात्या, नाना, काका, आजी मात्र सुखरूप. अर्धा तास घर शांत राहतं, ही भेट आजीला वेगळी.

झारचं अंडं, एमआयडीसीचं अंडं

१८८५ साली रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याच्यापुढं हाच पेच होता. बायको महाराणी, तिला आणखी काय द्यायचं? त्यानं फाबर्जे नावाच्या जवाहिऱ्याकडून ईस्टरसाठी एक अंडं करून घेतलं. वरून साधं पांढरं. उघडलं की सोन्याचा बलक, बलकात सोन्याची कोंबडी. महाराणी इतकी खूश झाली की दरवर्षीचा रिवाजच पडला, आणि पुढं त्याच्या मुलानंही तो चालवला. झारच्या घराण्यासाठी अशी ५० अंडी घडली. अट एकच: प्रत्येक अंड्याच्या पोटात काहीतरी गुपित हवं.

आता बारामती एमआयडीसीत या. फरेरो या इटालियन कंपनीचा इथं कारखाना आहे आणि तिथं किंडर जॉय तयार होतं. अर्ध्या अंड्यात खाऊ, अर्ध्यात खेळणं. कल्पना झारचीच, किंमत आपल्या खिशाला झेपणारी. किंडर जॉयचं थोरलं भावंड किंडर सरप्राइज, १९७४ चं. त्यात खेळणं चॉकलेटच्या पोटात असतं, म्हणून अमेरिकेत त्याला बंदी. खाऊच्या आत न खाण्याची वस्तू घालायची नाही, असा तिथला १९३८ चा कायदा. किंडर जॉयमध्ये दोन्ही वेगवेगळ्या अर्ध्यांत असतं, म्हणून त्याला परवानगी मिळाली.

सत्तरीच्या माणसाला किंडर जॉय द्यावं का? खुशाल द्यावं. फक्त आतलं खेळणं जोडायला त्यांनाच बसवा. अर्ध्या तासानं चष्मा शोधतील, पाऊण तासानं नातवाला दटावतील, पण हातातून सोडणार नाहीत.

एक जूनची गर्दी

वाढदिवसाच्या भेटीआधी एक मूलभूत शंका. तात्यांचा वाढदिवस त्या दिवशी असतो तरी का?

ग्रामीण महाराष्ट्रात एका पिढीचे निम्मे लोक एक जूनला जन्मले, असं कागदपत्रं बघून वाटावं. कारण साधं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराला खांद्यावरून उतरवून मास्तरांपुढं उभं करायचा. मास्तर डोक्यावरून हात फिरवून कान लागतो का ते बघायचे आणि वयाचा अंदाज बांधून '१ जून' लिहून टाकायचे. पोर सहा वर्षांचं झालं, गुरुजींचा रकाना भरला, पेन्शनीपर्यंत तीच तारीख चिकटली. आता एक जूनला मोबाइल सकाळपासून खणखणतो आणि ज्याचा वाढदिवस, तोच दर शुभेच्छेला सांगत बसतो, "कागदावरचा हो तो."

खरी तारीख घरात कुणाला सांगता येत नाही, पण खुणा पक्क्या असतात. "पानशेत फुटलं तेव्हा ह्यो पाळण्यात." म्हणजे १२ जुलै १९६१ च्या आसपास. "कोयनेचा भूकंप झाला आन् आठव्या दिशी." ११ डिसेंबर १९६७ मध्ये आठ मिळवा. "पालखी मुक्कामाला होती." तिथी आली. "बहात्तरच्या दुष्काळात, सुकडी खाऊन वाढलं." एवढ्या खुणांवरून जुनं पंचांग काढून बसलं तर महिना-पंधरवड्यापर्यंत पोचता येतं.

त्याहून पक्की जागा म्हणजे कोतवाल बुक. गाव नमुना १४. गावात जन्म झाला, मृत्यू झाला की कोतवालानं सांगायचं आणि त्याची नोंद या वहीत व्हायची. या जुन्या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. नकलेसाठी अर्ज करायचा, कोर्ट फी स्टँप लावायचा, आणि मग वाट बघायची. जुनी पानं मोडीत असतील तर मोडी वाचणारा गाठावा लागतो. कुणबी नोंदींच्या शोधात अलीकडं या वह्यांवरची धूळ बरीच झटकली गेली आहे, त्यामुळं मोडीवाल्यांना बरे दिवस आहेत.

नोंद सापडली तरी गंमत अशी की तिच्यात तात्यांचं नाव बहुतेक नसतंच. बारसं व्हायच्या आत नोंद पडलेली. बापाचं नाव, गाव, तारीख आणि पुढं नुसतं 'मुलगा'. त्या पानाची नक्कल चौकटीत बसवून पासष्टीच्या माणसाच्या हातात दिली तर तो आधी तारीख वाचत नाही. आपल्या वरच्या-खालच्या ओळीत कुणाचं पोर जन्मलंय ते वाचतो. "आरं, हा तर वरच्या आळीचा!" आणि फोन लागतो. आपल्याच आठवड्यात, आपल्याच गावात जन्मलेला माणूस सापडणं ही चीज कुठल्या मॉलात मिळत नाही.

तागडीत बसा

आपल्याकडं मोठ्या माणसाला भेट द्यायची नसते, त्याला भेटीनं तोलायचं असतं. वहीतुला, ग्रंथतुला, लाडूतुला, पेढेतुला. गुऱ्हाळांच्या मुलखात गूळतुला ओघानं आलीच. हिशेब सोपा: ७५ किलोचे तात्या, १० किलोची ढेप, म्हणजे साडेसात ढेपा. सत्काराचा चहा गावभर पाजून वर गूळ उरेल.

रक्ततुला म्हटली तर गणित मोठं होतं. रक्तदानात एका वेळी ३५० मिलिलिटर रक्त घेतात. त्याचं वजन साधारण ३७० ग्रॅम. ७५ किलोला दोनशेच्या वर दाते लागतील. तेव्हा मंडळानं आधी तात्यांचं वजन विचारून घ्यावं आणि मगच बॅनर छापावा.

ही प्रथा बादशाही थाटातही होती. मोगल बादशहाची वर्षातून दोनदा तुला व्हायची: एकदा सौर वाढदिवसाला, एकदा चांद्र. ज्या सोन्या-चांदीनं तोलला जाई ते दानात जाई. इंग्रज वकील टॉमस रो यानं १६१७ मध्ये जहांगिराची तुला डोळ्यांनी पाहिली. बादशहा हिऱ्यामाणकांनी अंगभर मढलेला, दुसऱ्या पारड्यात थैल्या. रो मोठा खवट माणूस. थैल्यांत काय होतं ते दिसलं नाही, गोटेही असतील, अशी नोंद त्यानं करून ठेवली. आमच्याकडच्या पतपेढीच्या सभासदाला शोभावी अशी शंका.

मराठी माणसाला ठाऊक असलेला सगळ्यात गाजलेला वाढदिवसही मोगलांचाच. १२ मे १६६६, आग्रा. औरंगजेबाचा चांद्र कालगणनेनं पन्नासावा वाढदिवस, आणि दरबारात हजर शिवाजी महाराज. जे मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, ज्यांच्या वाड्याची गढी आजही इंदापुरात दाखवतात, त्यांचा हा नातू. महाराजांच्या वतीनं हजार मोहरा आणि दोन हजार रुपयांची नजर झाली, वर ओवाळणी पाच हजारांची. बादशहानं साधी विचारपूस केली नाही. पुढं ऑगस्टात मिठाईचे पेटारे निघाले, आणि ती परतभेट औरंगजेबाला जन्मभर पचली नाही. स्वतः महाराजांची तुला झाली १६७४ मध्ये, राज्याभिषेकाच्या वेळी, रायगडावर.

आणि सगळ्यात महागडी? मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, १९४६. आगाखान तिसरे यांना हिऱ्यांनी तोललं. वजन सुमारे ११० किलो. ब्रेबॉर्नवर कुणी इतका जड डाव खेळला नसेल.

चंद्र आणून देतो म्हणाला होतात ना?

लग्नाआधी दिलेलं हे वचन इंदापूर तालुक्यात थोडंफार पाळलं गेलं आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी वसवलेल्या वालचंदनगरात आधी ऊस गाळला जाई. पुढं साखर कारखान्यांची यंत्रं बनू लागली आणि मग रॉकेटचे भाग. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ ज्या रॉकेटनं नेलं, त्याच्या दोन्ही अंगांच्या जाडजूड बूस्टरांचे भाग इथं घडले होते. बारामतीहून तासाभरात वालचंदनगर येतं. बायकोला गाडीत घालून न्यावं, कारखान्याच्या दिशेनं बोट करावं आणि म्हणावं, झालं का समाधान?

चंद्रावरचा प्लॉट मात्र घेऊ नका. तसले कागद विकणारे आहेत, पण १९६७ च्या अंतराळ करारानं चंद्रावर कुठल्याच देशाला मालकी सांगता येत नाही; मग सातबारा निघणार कुठून? ताऱ्याला तात्यांचं नाव देऊन प्रमाणपत्र पाठवणाऱ्यांचंही तसंच. ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि तो ती विकत नाही.

त्यापेक्षा तयार नावाचा तारा द्या. प्रकाशाला यायला वर्षं लागतात, हे शाळेत शिकलेलं आता कामी आणा. जितकं वय, तितक्या प्रकाशवर्षांवरचा तारा शोधायचा. त्या ताऱ्याचा जो प्रकाश आज डोळ्यांत शिरतोय, तो माणूस जन्मला तेव्हा तिथून निघालेला. नातू आठ-नऊ वर्षांचा असेल तर व्याध. पंचविशीच्या पोरीला अभिजित. चौतीस झाली की पुनर्वसूमधला तेजस्वी तारा, सदतीसला स्वाती, त्रेचाळीसच्या सुमाराला ब्रह्महृदय. पासष्टीला रोहिणी. म्हणजे पानशेत फुटलं त्या सुमाराला रोहिणीहून निघालेला प्रकाश आत्ता कुठं भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर पोचतोय. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या आजीला मघा. पाऊण वर्ष इकडंतिकडं चालतं, ताऱ्यांची अंतरंही 'सुमारे'च असतात.

आणि आजोबा एक्याऐंशीला टेकलेत? मग सहस्रचंद्रदर्शन. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांचा हिशेब. हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि सुमारे १० महिने. ज्यांना एवढा धीर नाही त्यांच्यासाठी तरुण आकडे: दहा हजार दिवस पुरे होतात सत्तावीस वर्षं साडेचार महिन्यांनी, आणि शंभर कोटी सेकंद एकतीस वर्षं आठ महिन्यांनी. त्या दिवशी केक कापला तर कुणाला सुचलेलं नसल्यामुळं सगळा तुम्हालाच.

नंबरी नोट

पाकिटात शंभर-पाचशे घालून वर एक रुपया चिकटवायचा, ही आपली जुनी सोय. एक रुपयाची नोट तशी वेगळ्या घराण्यातली. बाकी नोटा रिझर्व्ह बँकेच्या, हिच्यावर सही अर्थसचिवाची. पण भेट म्हणून शोधायची ती जन्मतारखेची नोट. नोटेच्या क्रमांकाच्या शेवटी सहा आकडे असतात, तारखेलाही दिवस-महिना-वर्ष मिळून सहा पुरतात. १२ जुलै १९६१ साठी १२०७६१. नोटा जमवणारे अशा नोटा शोधून देतात. स्वतः शोधायची असेल तर किराणा दुकानदाराशी मैत्री करा आणि दहाच्या नोटांचं बंडल चाळत बसा. चाळताना आकड्यांच्या आधी चांदणी दिसली तर ती छपाईत बाद झालेल्या नोटेच्या जागी आलेली बदली नोट; २००६ पासून लहान नोटांवर ती येऊ लागली.

नोटांचा हार मात्र नको. नोटांचे हार करू नका, असं रिझर्व्ह बँक सांगत आली आहे. बँकेचं न ऐकणारे सांगत नाहीत, घालून मोकळे होतात.

चिल्लर

भेटवस्तूत पैसा वाया जातो, हे अमेरिकेच्या जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञानं १९९३ मध्ये मांडलं. घेणाऱ्याच्या लेखी भेटीची किंमत देणाऱ्याच्या खर्चापेक्षा दहा टक्क्यांपासून ३३ टक्क्यांपर्यंत कमी भरते. आमच्या आज्ज्या हेच एका वाक्यात सांगत: "पैसं दिलं असतंस तर काय वंगाळ झालं असतं?"

मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणून तारखेप्रमाणं पहिला वाढदिवस आठव्या वर्षी, १९०४ मध्ये. शंभरीला टेकले तरी असे वाढदिवस भरले फक्त २३. शिवाय दारूबंदीवाले. बाटली देऊन सुटायचीही सोय नाही.

तुकोबांना शिवाजी महाराजांनी नजराणा पाठवला आणि त्यांनी तो परत केला, असं परंपरा सांगते. त्यांच्या पालखीला काटेवाडीत आजही वस्तू देत नाहीत. परीट मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि धनगर मंडळी पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण घालतात. शेकडो मेंढ्या गोल पळताना जो आवाज होतो, त्याला बँडवाला लागत नाही.

तलवारीनं केक कापला तर भेट पोलीस ठाण्यातून येते: शस्त्र कायद्याखाली गुन्हा.

खाऊन, पाहून संपणारं

घरात ठेवायला जागा नसलेल्याला पोटात जाणारं द्यावं. निमगाव केतकीच्या पानमळ्यातली पानं आणून तेरा जिन्नसांचा त्रयोदशगुणी विडा लावून द्या. जिन्नस मोजण्यातच रात्र सरते. नाहीतर भिगवणची मासळी. तिथली चिलापी आपण उजनीची लेक समजतो. मूळची ती आफ्रिकेची, भारतात आली १९५२ मध्ये.

त्याच पाण्यावर, कुंभारगावाकडून, हिवाळ्यात पहाटे होडी निघते ती रोहित पक्षी बघायला. रोहित डोकं उलटं करून चोचीनं चिखल गाळतो. पिल्लू करडं असतं, गुलाबी रंग येतो तो खाण्यातून. पोशाखाला पैसा न घालता रंग येणारा हा एकमेव पाहुणा. पळसदेवाचं जुनं देऊळही इथंच, उजनीच्या पोटात. पाणी खूप उतरलं तरच ते उघडं पडतं. त्यामुळं ही भेट कुणाच्या वाढदिवसाला द्यायची ते धरण ठरवतं.

आणि काही बांधून द्यायचं ठरलंच, तर कागदाला लांब जायला नको. भिगवणला गुळगुळीत कोटेड कागदाची गिरणी आहे.

काटेवाडीचे साहेब आणि गोठा

ज्यांच्याकडं सगळं आहे, अशांची यादी बारामतीत केली तर पहिलं नाव सांगावं लागत नाही. शरद पवार, काटेवाडी, १२ डिसेंबर १९४०. तारीख मोठी गर्दीची आहे: गोपीनाथ मुंडे, रजनीकांत, युवराज सिंग, सगळे बारा डिसेंबरचे. आई शारदाबाई पुण्याच्या लोकल बोर्डाच्या सदस्य. बाळ तीन दिवसांचं असताना त्या त्याला घेऊन बोर्डाच्या बैठकीला गेल्या, असं सांगतात. जन्माबरोबर मिळालेली पहिली भेट म्हणजे बैठक! पंचाहत्तरीला आत्मचरित्र आलं, 'लोक माझे सांगाती'; डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनात प्रकाशन, राष्ट्रपती आणि पंतप्रधान दोघंही हजर. ऐंशीच्या तोंडावर, २०२० मध्ये, राज्य सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामसमृद्धी योजना आणली. नाव भारदस्त, पण गावात ती ओळखली जाते गाय गोठ्याची योजना म्हणून. जनावरांचा गोठा, शेळ्यांची शेड, कोंबड्यांची शेड, खताचा खड्डा.

साहेबांना गोठा, मग कार्यकर्त्याला काय? फ्लेक्स. मधोमध उत्सवमूर्ती गॉगल लावून, खाली टपाल तिकिटाएवढे पंधरावीस शुभेच्छुक, आणि नावाआधी 'भावी' काहीतरी. वाढदिवस सरला की तो उतरवला जातो. चिवट पीव्हीसी, पाणी आत शिरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तो कडब्याच्या गंजीवर नाहीतर गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर ताणून बांधला जातो, आणि छापील बाजू उन्हानं उडू नये म्हणून शहाणा माणूस ती खाली करतो. मग 'भावी आमदार' गॉगल लावून वर्षभर म्हशीकडं बघत राहतात, आणि म्हस रवंथ करता करता त्यांच्याकडं.